साडेपाचची नोंद आली नाही

हवाई दलात वीस वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो आणि विचारतो, “मग विमान चालवत होता का?” नाही म्हटलं की, “मग दुरुस्त करत होता?” तेही नाही. मी आभाळ बघत होतो. एवढं ऐकल्यावर घाटनांदुरातली बहुतेक मंडळी विषय बदलतात. या अंकाच्या संपादकांनी तो बदलला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. घरात आता विचारणारं कुणी नाही.

माझा हुद्दा सार्जंटचा आणि काम हवामान सहायकाचं. धावपट्टीच्या कडेला झडपांची एक पांढरी पेटी असते. तिच्यात दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असतात. एकाच्या पाऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेत ओल किती ते कळतं. मग मान वर करून आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी भरलेत ते लिहायचं. पाण्याची टाकी दिसते का, तिच्यापलीकडची वीटभट्टीची चिमणी दिसते का, त्याच्याही पलीकडचं देऊळ दिसतं का, यावरून दृश्यता ठरवायची. दृश्यता म्हणजे किती लांबपर्यंत डोळ्यांना दिसतं ते. सकाळी हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा आणि दर मिनिटाला कोन टिपायचे, म्हणजे वरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग मिळतो. टेलिप्रिंटरवर आलेले गावोगावचे आकडे मोठ्या नकाशावर बारीक पेनने मांडायचे. तो नकाशा बघून साहेब अंदाज सांगणार, आणि अंदाज चुकला की शिव्या मात्र आम्हा दोघांना सारख्याच.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे वैमानिक. पण एका तळावर सगळ्यात कडक गिऱ्हाईक होत्या तळप्रमुखांच्या पत्नी. त्या पापड घालायच्या आधी फोन करायच्या. तीन वर्षांत दोनदा त्यांचे पापड भिजले, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझं नाव घेऊन चौकशी केली. पण एक प्रसंग हसण्यासारखा नाही. एका हिवाळ्यात धुकं नऊला उठेल असं आम्ही सांगितलं आणि ते साडेदहाला उठलं. वर एक वैमानिक तेल संपत आलेलं विमान घेऊन घिरट्या घालत होता. शेवटी त्याला दुसऱ्या तळावर जाऊन उतरावं लागलं. दुपारी तो आमच्या खोलीत आला, टेबलावर टेकला आणि चहा पिता पिता आमची सकाळची नोंद पुन्हा वाचून गेला. तो गेल्यावर मी पहिल्यांदा मनाशी म्हणालो, आपण आकडा लिहितो तेव्हा कुणीतरी त्या आकड्यावर बसून वर जातं.

गावी सुट्टीवर आलो की मात्र वेगळीच तपासणी. आमच्या दूध संस्थेचे चेअरमन दगडूअण्णा मला पारावर गाठायचे. “सरकार तुला आभाळ बघायचा पगार देतं ना? मंग सांग, पाऊस कधी हाय?”

“अण्णा, ते इथून नाही सांगता येत. नकाशा लागतो.”

“आमचा बाप नकाशाबिगर चुकायचा. तू नकाशा घेऊन चुकतूस. येवढाच फरक.”

संस्थेचं दूध मोजायला माझी बायको कौसल्या बसायची. सातवी पास होती, हिशेबाला पक्की आणि तोंडाची कमी. सकाळी बायका बरण्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. कौसल्या दुधात काच बुडवून बघायची आणि पाणी घातलेलं असलं तर बाईला चारचौघींत न बोलता नुसती बरणी परत करायची. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तळावर घर मिळायला माझा नंबर लागत नव्हता, म्हणून ती आईजवळ गावी आणि मी तिकडे. आमचा संसार बहुतेक पत्रांतूनच चालायचा.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती सांगतो. कोणता तळ, कोणता देश, कोणतं साल हे लिहिणार नाही. बाकी सगळं लिहितो.

हवामानाच्या नोंदी सगळे देश एकमेकांना देतात. वैर असलं तरी देतात, कारण शेजाऱ्याचे आकडे नसले तर आपलाच नकाशा रिकामा राहतो. प्रत्येक केंद्राला पाच आकडी क्रमांक असतो. नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. शत्रूच्या देशातल्या एका केंद्राचे आकडे मी चार वर्षं रोज मांडत होतो. तिथे दोन-तीन माणसं पाळीने असणार, पण पहाटे साडेपाचची नोंद एकाच माणसाची आहे, हे मी ओळखायला लागलो होतो. बाकीचे दृश्यता सरसकट चार किंवा पाच लिहून मोकळे होतात. हा साडेतीन लिहायचा, सव्वादोन लिहायचा. म्हणजे हा खरंच बाहेर जाऊन उभा राहतो, लांबच्या खुणा एकेक करून बघतो. सणासुदीलाही त्याची नोंद वेळेवर. कधी कधी मला वाटायचं, या धंद्यात माझ्यासारखं मन लावून काम करणारा हा एकच माणूस आहे, आणि तोही सरहद्दीच्या पलीकडे.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस झाला नव्हता. उन्हाळा लागला तशी कौसल्याची पत्रं लहान होत गेली. टँकर एक दिवसाआड येतो. संस्थेत वीस कॅनच्या जागी तीन कॅन भरतात, तरी अण्णा ट्रक बंद करत नाहीत. म्हणतात, एकदा बंद पडला की परत कोण चालू करील? तिला सहावा महिना चालू होता. शेवटी एक ओळ असायची, ‘काळजी नसावी.’

एप्रिल संपता संपता आमचा तळ बंद झाला. बंद म्हणजे आतला माणूस बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. टपाल जायचं नाही आणि आलेलं वाटायचं नाही. टेलिफोन काढून नेले. दुसरीकडून विमानं आली आणि झाकून ठेवली गेली. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.

माझे अधिकारी फ्लाइट लेफ्टनंट सक्सेना माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान होते. त्यांच्या हातात एक कोरा नकाशा दिला गेला. त्यावर एक वाकडी रेघ आणि रेघेच्या टोकाला फुली. त्या फुलीवर सकाळच्या वेळी कमीत कमी पाच किलोमीटर दृश्यता कोणत्या दिवशी असेल, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न वाचून सक्सेनांनी कागद माझ्यापुढे सरकवला. फुलीच्या जागेवरून उठलेली धूळ पुढचे तीन दिवस कुठे कुठे जाईल, ते काढून द्यायचं होतं.

पूल उडवायचा असेल तर धूळ कुठे जाते ते कुणी विचारत नाही. दारूगोळ्याचं कोठार उडवायचं असेल तरी विचारत नाही. वर्तमानपत्रांत त्या काळात येतच होतं, की शेजारी अणुबॉम्ब करतो आहे आणि त्याचा कारखाना अमुक डोंगराच्या आड आहे. त्यांचा बॉम्ब तयार व्हायच्या आत आपण जाऊन तो कारखाना उडवायचा, असा बेत होता, आणि तिथून उठणारी धूळ किरणोत्सारी असणार होती. सक्सेनांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

मी पेन्सिलने धुळीचा पट्टा काढला. फुलीपासून निघून तो हळूहळू रुंद होत आग्नेयेला गेला. फुलीपासून बोटभर अंतरावर, पट्ट्याच्या अगदी मध्ये, तो पाच आकडी क्रमांक आला. साडेपाचच्या नोंदीवाला.

मला कुणी साधुसंत समजू नये. मी गणवेशातला माणूस होतो. हवामान विचारायला आलेला एक वैमानिक जाता जाता म्हणाला होता, “आज आपण गेलो नाही, तर दहा वर्षांनी ते आपल्याकडे येतील.” मला ते पटलंही होतं. पण तो आकडा पेन्सिलीच्या रेघांखाली बघितल्यावर मला जेवण जाईना.

पुढचे दिवस आम्ही दोघं त्या खोलीतच होतो. ऐन उन्हाळा, वायव्येकडून धुळीचे लोट. एक दिवस आभाळ स्वच्छ, की दुसऱ्या दिवशी समोरची टाकी दिसेना. तळावर हजार-दीड हजार माणसं होती, पण मला बोलायला कुणी नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांच्याशी बोलायची बंदी आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्याशी काय बोलणार? कौसल्याला पत्र लिहायचो आणि बाजेखालच्या ट्रंकेत टाकायचो. त्यांतही खरं काही लिहिता येत नव्हतं. ‘इकडे ऊन फार आहे. प्रकृतीला जपणे.’

तळ बंद झाल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी विमानांनी जायचं ठरलं. पाच वाजता मी फुगा सोडला. वैमानिक तयार होऊन बसले होते. सगळे थांबले होते ते साडेपाचच्या नोंदीसाठी, कारण फुलीच्या जवळ डोळे असलेलं ते एकच केंद्र होतं. पावणेसहा झाले. आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांचे आकडे टेलिप्रिंटरवर आले. त्याचा आला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा.

सक्सेना आत बैठकीत गेले आणि पाच मिनिटांत मला बोलावणं आलं. लांब टेबल, पलीकडे आमचे तळप्रमुख ग्रुप कॅप्टन आणि आणखी दोघं, ज्यांच्या खांद्यांवरचे हुद्दे मी आधी फक्त चित्रात बघितले होते. सक्सेना म्हणाले, “सर, हे केंद्र सार्जंट चार वर्षं मांडतोय. माझ्यापेक्षा याला जास्त माहीत आहे.”

ग्रुप कॅप्टननी विचारलं, “दिसेल की नाही?”

वारा येत होता त्या बाजूच्या केंद्रावर दृश्यता तीन किलोमीटर होती. फुग्याच्या हिशेबाने खालचा वारा जोरात होता. धूळ फुलीपर्यंत पोचली असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. थोडीच. शिकवलेल्या पद्धतीने बोलायचं तर मी म्हणायला हवं होतं, “सर, शक्यता आहे, खात्री नाही.”

मी म्हणालो, “नाही दिसणार, सर. दोन किलोमीटरसुद्धा नाही.”

“खात्री आहे?”

“हो, सर.”

मी खोटं बोललो नाही. पण होती त्याहून जास्त खात्रीने बोललो. का, ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आताही अर्धंच येतं.

वैमानिकांना परत पाठवलं. साडेआठला त्या केंद्राचा आकडा आला, धुळीत चार किलोमीटर. मागितले होते पाच. माझी मान वाचली. पण साडेपाचला किती होती? दोन असेल, सहाही असेल. त्या पहाटे तो माणूस कुठे होता, आजारी होता की त्याच्याकडची तार तुटली होती, मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर हवा आणखी बिघडली. रोज पहाटे आम्ही तयार, रोज नकार. शेवटी नवव्या दिवशी वरून काय निरोप आला माहीत नाही, विमानांखालचे बॉम्ब उतरवायला लागले. दुपारपर्यंत दुसरीकडून आलेली विमानं निघून गेली. आम्हाला एकेक कागद सहीला दिला, की यातलं काही कधीही कुणालाही बोलणार नाही. संध्याकाळी फाटक उघडलं.

टपालखोलीसमोर ही रांग. माझ्या नावाची तीन पाकिटं आणि एक तार. तार आधी उघडायला हवी हे कळत होतं, पण हात पाकिटांकडे गेला. मी तारखेच्या क्रमाने वाचत गेलो.

पहिल्यात लिहिलं होतं, अंगावरून जातंय, अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की जपून राहावं लागेल, तुम्ही येऊन जाल का. दुसऱ्यात, परत तसंच झालं, जमलं तर या. तिसरं पेन्सिलने लिहिलेलं होतं आणि त्यात एकच विचारणा होती. दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात, येता येत नसेल तर सही करून कागद तरी पाठवा. तार दगडूअण्णांनी केलेली होती. कौसल्या अत्यवस्थ, ताबडतोब निघा.

तारेवरची तारीख मी तिथेच रांगेत उभा राहून मोजली. मी ग्रुप कॅप्टनला “हो, सर” म्हणालो, त्याला तिसरा दिवस. त्या सकाळी विमानं गेली असती तर फाटक कदाचित दुसऱ्याच दिवशी उघडलं असतं.

घाटनांदूर स्टेशनवर उतरलो तेव्हा भर दुपार होती. अण्णा घ्यायला आले होते. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पटका काढला आणि परत घातला.

“कौसल्या हाय,” ते म्हणाले. “घरी हाय. पोरगी व्हती. ती न्हाई राह्यली.”

वाटेने त्यांनी सांगितलं. तिसऱ्या वेळी रक्त थांबेना. त्या दिवशी एसटी आली नाही. अण्णांनी दुधाचा ट्रक दारात आणला, कॅन उतरवले आणि तिला बाजेसकट चढवलं. दुष्काळातही चालू ठेवलेला तो ट्रक नसता तर तीही राहिली नसती. सहीच्या जागी अण्णांनी स्वतःची सही केली आणि नात्याच्या रकान्यात ‘चेअरमन’ लिहिलं. पिशवी काढावी लागली. पुन्हा मूल होणार नव्हतं.

कौसल्या मागच्या सोप्यात बसली होती, भिंतीला पाठ लावून. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. माझी आई पाणी ठेवून बाहेर गेली.

“पत्रं मिळाली न्हाईत का?” तिने विचारलं.

“वेळेवर नाही मिळाली.”

“अन् तार?”

“तीही नाही.”

“कावून?”

कुणालाही बोलणार नाही म्हणून सही केलेला कागद माझ्या डोळ्यांपुढे होता. “कामात होतो,” मी म्हणालो. इतका वाईट शब्द मी आयुष्यात दुसरा वापरला नाही.

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर तिने मला कधी काही विचारलं नाही. पुढे तळावर घर मिळालं, ती आली, नीट राहिली. पण सणाला माहेरी गेली की पत्र पाठवायची नाही. निवृत्त होऊन गावी आलो. अण्णांनंतर संस्था बायकांनी हातात घेतली आणि कौसल्या चेअरमन झाली. सभेत भरभरून बोलायची. मी मागे बसून ऐकायचो आणि वाटायचं, ही बाई घरात दोन वाक्यांच्या वर का बोलत नाही. उत्तर मला माहीत होतं.

हे वाचून कुणी विचारेल, पश्चात्ताप होतो का? कशाचा, ते मलाच नीट सांगता येत नाही. त्या सकाळी “खात्री नाही” म्हणालो असतो, तर कदाचित ते गेले असते, पलीकडे काय झालं असतं देव जाणे, आणि माझी मुलगी आज चाळिशीला आली असती. की तीही राहिली नसती? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळेवर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. त्यांचा अंदाजही माझ्यासारखाच.

तीन वर्षांपूर्वी कौसल्याला पुन्हा अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं. किडन्या गेल्या होत्या. एका दुपारी वॉर्ड शांत होता, शेजारच्या खाटेवरची बाई तपासणीला गेली होती. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. कोरा नकाशा, धुळीचा पट्टा, साडेपाचची नोंद, माझं “हो, सर”, तारेवरची तारीख. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपेपर्यंत ती छताकडे बघत होती.

“त्या साडेपाचच्या मान्साला लेकरं व्हती का?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“असतील,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने मान माझ्याकडे वळवली. “मला वाटलं, तुमाला यायचंच नव्हतं. लई वर्सं तसंच वाटलं. हे तवा सांगितलं असतं तर दोघं मिळून रडलो असतो. मी येकटीच रडले.”

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही. पण तिची बोटं माझ्या हातात तशीच सैल पडून राहिली, आणि तपासणीला गेलेली बाई परत येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.